धापा येथील भाजीमळे आणि कारखान्यांचे सांडपाणी

कलकत्ता (इ. स. २००१ पासून कोलकाता) हे शहर हुगळी नदीच्या काठी वसलेले असले, तरी तेथील जमिनीचा उतार नदीकडे नसून पूर्वेकडील पाणथळ प्रदेशाकडे आहे. शहराचे सांडपाणी साहजिकच त्या दिशेने नेण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथेच, धापा येथे, शहराचा कचरा टाकण्यास प्रारंभ झाला आणि त्या कचऱ्याच्या जमिनीवर भाजीमळे उभे राहिले. फुलकोबी, पालक, माठ इत्यादी भाज्या सांडपाण्यावर पोसू लागल्या. घरगुती सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हे पिकांचे अन्नच होय. त्यात रोगजंतूंचे भय होते. परंतु जंतू काही काळाने मरतात.

विसाव्या शतकात या पाण्याचे स्वरूप पालटले. टांग्रा, तिलजला व तोपसिया या भागांतील चर्मोद्योगात क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमावण्याची पद्धती रूढ झाली आणि तेथील पाणी शहराच्या नाल्यांत मिसळले. इतर लहान कारखान्यांतूनही शिसे, कॅडमियम यांसारखे धातू आले. धातू कुजत नाहीत. ते मातीत साचतात.

सर्व धातूंची वर्तणूक मात्र सारखी नसते. क्रोमियम बहुतांशी मुळांतच अडकून राहते. कॅडमियम मुळांतून पानांपर्यंत सहज चढते, विशेषतः आम्ल जमिनीत. पालेभाजीत खाण्याचा भाग पान हाच असल्यामुळे हा भेद महत्त्वाचा ठरतो. शिशाचा बराचसा अंश धुळीवाटे पानांवर बसतो व धुण्याने काहीसा कमी होतो. पानात शिरलेले कॅडमियम धुऊन जात नाही. शिवाय पीक हिरवेगार दिसत असतानाही ते त्यात असू शकते.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चर्मोद्योग शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिला. त्यासाठी बानतला येथील वसाहत योजिलेली होती. २००२ मध्ये पूर्व कलकत्त्याच्या पाणथळ प्रदेशाला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्व प्राप्त झाले. तथापि उगम दूर केल्याने पूर्वी साचलेला धातू मातीतून नाहीसा होत नाही.

'सांडपाणी' हा शब्द पाणी सांडून दिले एवढेच सांगतो. त्यात काय आहे ते सांगत नाही. धापा येथे एकाच नावाखाली दोन भिन्न पाणी वाहिली: एक जमिनीला खत देणारे, दुसरे तिच्यात विष साठविणारे. भाजीमळा टिकवावयाचा, तर ही दोन पाणी नाल्यात मिसळण्यापूर्वीच वेगळी करणे अगत्याचे होते. या इतिहासाचा बोध तोच आहे.