आतल्या माणसाचा आवाज

अमेरिकेतल्या फायर चीफच्या कॉलरवर पाच सोनेरी कर्णे असतात, कॅप्टनच्या कॉलरवर दोन. नवी पोरं त्यांना बिगूल समजतात, पण ते ओरडायचे कर्णे आहेत. एकोणिसाव्या शतकात हातपंपाच्या गदारोळात म्होरक्या पितळेचा कर्णा तोंडाला लावून हुकूम सोडायचा. बाहेरून आत हुकूम धाडायची सोय अशी फार जुनी. आत गेलेल्याला बाहेर काही सांगता यावं ही सोय मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं झाली नाही. रेडिओ घ्यायची वेळ आली की आमच्या अग्निशमन दलाची समिती अजून याच गोष्टीवर भांडते.

समितीत मी आहे, कारण गावात टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला दुसरा कुणी नाही. न्यू जर्सीच्या वायव्य कोपऱ्यातलं हे डोंगराळ गाव. आमचं दल स्वयंसेवकांचं: प्लंबर, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, गाई विकून टाकलेला एक शेतकरी. बंब नगरपालिकेचा असतो एवढंच सोलापुरात पाहून वाढलेल्या मला, रविवारी पॅनकेक विकून बंबाचे पैसे उभे करणारं गाव पचायला वेळ लागला. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली, तेव्हापासूनची ही रीत. आजही या देशात आग विझवणाऱ्यांत बिनपगारी माणसंच जास्त.

शहरांना निरोपाची यंत्रं लवकर मिळाली. बोस्टनमध्ये १८५२ सालीच रस्त्यावरच्या पेटीतून तारेने आगीची वर्दी जाऊ लागली. खेड्यात चर्चची घंटा, मग भोंगा. रेडिओ आधी पोलिसांकडे आला. डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गाड्यांत बसवला तो फक्त ऐकण्यापुरता. उत्तर द्यायचं तर शिपायाने टेलिफोन शोधायचा. गाडीतून उलट बोलायची सोय १९३३ मध्ये आमच्याच राज्यातल्या बेयॉन गावच्या पोलिसांनी करून दाखवली. १९४० मध्ये डॅनियल नोबल या प्राध्यापकाने कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांसाठी एफएमवर चालणारी यंत्रणा उभारली आणि इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर एकदाची हटली. मोटोरोलाने नोबलला लगेच उचललं. युद्धात सैनिकांच्या पाठीवर बसलेला सोळा किलोंचा वॉकी-टॉकी याच मंडळींचा.

युद्धानंतर खेड्यातल्या दलांपर्यंत रेडिओ पोचला तो बहुतेक ३३ आणि ४६ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, ज्याला इथे लो-बँड म्हणतात. त्या लहरी डोंगराला वळसा घालतात, म्हणून आमच्यासारख्यांना तो वरदान वाटला. बंबावर शंभर वॉटचा सेट, मागे माणसापेक्षा उंच, अँटेनाची लवलवती काठी. पुढे नेब्रास्कातल्या ओव्हरटन नावाच्या एवढ्याशा गावी बनलेल्या प्लेक्ट्रॉनच्या पेट्या स्वयंसेवकांच्या स्वयंपाकघरात आल्या. ठरावीक सूर वाजला की पेटी आपोआप बोलू लागे आणि नवरा जेवणावरून उठे. अख्खं घर ऐकायचं, बायकोला पत्ता नवऱ्याआधी पाठ. सूर्यावरचे डाग वाढले की मात्र शेकडो मैलांवरच्या राज्यातली आग आमच्या बंबात पेटायची. म्हातारे सभासद हे किस्से रंगवून सांगतात, मी निम्मे खरे धरतो.

या सगळ्यात आग जिथे लागली त्या घराच्या आत रेडिओ नव्हताच. कारण साधं आहे. लहरीच्या पाव लांबीची काठी हवी. ३३ मेगाहर्ट्झला ती सव्वादोन मीटर होते, १५४ला अर्धा मीटर. सव्वादोन मीटर काठी कमरेला लावून जिना कोण चढणार? ट्रान्झिस्टर आले, १९६२ मध्ये मोटोरोलाचा एचटी-२०० आला. लोक त्याला वीटच म्हणत, वजन नऊशे ग्रॅमच्या वर. तेव्हा कुठे हाताला झेपेल असा सेट झाला. तरीही लहान दलात तो चीफच्या हातात, म्हणजे पुन्हा दाराबाहेरच.

विक्रेते येतात ते नकाशा घेऊन. तालुक्याच्या या टोकाहून त्या टोकाला आवाज जातो, असं रंगवून दाखवतात. बंबावरच्या सेटसाठी ते ठीक आहे. पण हातातला सेट पाच वॉटचा. टेकडीवरच्या केंद्राचा आवाज त्याला खणखणीत ऐकू येतो आणि त्याचं उत्तर केंद्राला पोचत नाही. आपण बोलतोय आणि ऐकलं जातंय, असा भ्रम मात्र पक्का होतो.

हॅकेन्सॅक इथून तासाभरावर. १ जुलै १९८८ला तिथल्या मोटारविक्रीच्या इमारतीचं छत आगीत कोसळलं आणि पाच जवान गेले. त्यातले दोघे अवजारांच्या खोलीत अडकून मदत मागत राहिले. सगळा कारभार एकाच चॅनेलवर, त्या गर्दीत त्यांच्या हाका बाहेरच्या अधिकाऱ्यांपर्यंत धड पोचल्या नाहीत. ते दल पगारी होतं, अनुभवी होतं. आगीच्या जागेसाठी वेगळा चॅनेल हवा, हे आमच्या बैठकीत कुणाला पटवावं लागत नाही ते त्यामुळे.

न्यूयॉर्कचा धडा वेगळा. मार्च २००१ मध्ये तिथे नवे डिजिटल सेट वाटले आणि क्वीन्समधल्या एका आगीत आतल्याची हाक जागेवरच्यांना ऐकू न आल्यावर काही दिवसांत परत घेतले. सप्टेंबरमध्ये माणसं जुन्याच सेटवर जुळ्या मनोऱ्यांत शिरली. तिथे रिपीटर, म्हणजे हातातल्या सेटचा आवाज पकडून जोराने पुढे धाडणारं यंत्र, होता, पण चौकशी आयोगाने नोंदवलंय की त्याची दोन बटणं दाबायची होती, दाबलं गेलं एकच. उत्तर मनोऱ्यातल्या चीफना वाटलं यंत्र बंद आहे.

१ जानेवारी २०१३ पासून सरकारने १५० ते ४७० मेगाहर्ट्झमधले चॅनेल निम्म्या रुंदीचे केले आणि कितीतरी दलांचे चालते सेट भंगारात गेले. लो-बँडला त्यातून सूट, म्हणून आमचे खजिनदार अजून त्याला चिकटून आहेत. विक्रेत्यांनी या धांदलीत डिजिटल खपवलं. डिजिटल सेट माणसाच्या आवाजाचा अंदाज बांधून तो पुन्हा घडवतो. शेजारी करवत चालू असली किंवा निपचित पडलेल्या जवानाच्या अंगावरचा भोंगा किंचाळत असला की अंदाज चुकतो आणि शब्दांचा चिखल होतो. फायर चीफ्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने यावर स्वतंत्र गट बसवला होता.

म्हणून मी समितीत हटवादी म्हातारा ठरलो आहे. बंबावर डिजिटल घ्या, तालुक्याशी बोलायला लागतंच. हातातले सेट मात्र आगीच्या जागी साध्या एफएमवर, रिपीटरविना, थेट सेटवरून सेटवर. जाड हातमोज्यातून फिरेल अशी खुंटी, पडद्यावर बोटं फिरवणं नको. आणि पाच-सहा हजार डॉलरचा एक झकास सेट चीफला घेण्याऐवजी त्या पैशात बंबावरच्या प्रत्येक आसनाला एकेक साधा. चीफना हे आवडलेलं नाही. खजिनदार माझ्या बाजूने आहेत, पण त्यांचं कारण निराळं: साधे सेट हरवले तरी फार लागत नाही. मतदान पुढच्या महिन्यात, पॅनकेकच्या रविवारनंतर.