लेकीची नखं

आमच्या नात्यातल्या एका घरात सध्या नखांवरून महाभारत चालू आहे. घर अंबाजोगाईचं, पोरगी अकरावीत. मामाच्या लग्नात तिला ती लांब, चकचकीत, खोटी नखं लावायची आहेत. आई म्हणते, "असली थेरं आपल्याकडे चालायची नाहीत." आजी म्हणते, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही." दोन्ही पक्षांचे मला फोन येऊन गेले. मी कोणाची बाजू घ्यायची ते नंतर बघू, पण आजींच्या त्या वाक्यावर मी अडकले. कारण स्वतः आजींच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर हिरवंगार गोंदण आहे!

आता त्या गोंदणाचंच बघा ना. मराठवाड्यात गावोगाव गोंदणारणी फिरायच्या. काजळी आणि सुया एवढंच त्यांचं भांडवल, आणि मोबदला म्हणून सुपातलं धान्य. पोर लहान असतानाच तिला धरून बसवायचं. ती रडायची, सुटायला बघायची, आणि आई-मावशा तिचे हात घट्ट धरून ठेवायच्या. कपाळावर ठिपका, हातावर तुळस किंवा मासोळी. मेल्यावर अंगावरचे दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं, अशी समजूत. म्हणजे जन्मभराचीच नव्हे, त्यापुढचीही सोय! पण काय काढायचं, कुठे काढायचं, मुळात काढायचं का, हे त्या पोरीला कोणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

कान-नाक टोचण्याचं तेच. कासाराकडे बांगड्या भरण्याचंही बरंचसं तसंच, आणि नवरा गेला की त्याच बांगड्या दुसऱ्यांनीच फोडायच्या. त्या फोडू नयेत, कुंकू पुसू नये, असा ठराव करणारी कोल्हापूर जिल्ह्यातली हेरवाडची ग्रामपंचायत २०२२ साली बातमीत आली. त्या ठरावाची बातमी व्हावी, यातच सगळं आलं.

रंगलेल्या नखांचंही आपल्याला वावडं नव्हतं. पंचमीला माहेरी आलेल्या लेकी मेंदी वाटायच्या आणि बोटांच्या टोकांना तिची टोपणं घालून रात्रभर तशाच झोपायच्या. सकाळी नखं लाल. तेव्हा कोणी थेरं म्हटलं नाही. माझ्या मते फरक इतकाच, की ते सगळं रीतीनं चालत आलेलं होतं. हे एका पोरीनं आपणहून मागितलेलं आहे.

लांब नखांवर आणखी एक राग असतो, तो कामाचा. लांब नखं म्हणजे या हातांना काम नाही. चीनमधल्या राजघराण्यातल्या स्त्रिया हेच दाखवायला नखं वाढवत, आणि ती मोडू नयेत म्हणून वर सोन्याचांदीची टोपणं घालत. आपला बीड जिल्हा त्याच्या अगदी उलट टोकाला. इथल्या बायकांची नखं खुरपणीत, कापूस वेचण्यात आणि कोयत्यावर झिजली. दसरा-दिवाळीनंतर इथल्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून "एक कोयता". उचल मिळते ती या जोडीला. वयात आलेली लेक गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांचा घोर काही खोटा नाही. मग त्यावर सापडलेला उपाय म्हणजे लवकर तिचे हात पिवळे करून टाकणे.

हात पिवळे करणे! काय शब्दप्रयोग आहे पाहा. लाल नखांना घरात बंदी, आणि पिवळ्या हातांची मात्र घाई.

कायदा काय करत होता? १९२९च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय किमान १४ केलं. पण तो होता ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि ते संस्थान भारतात आलं सप्टेंबर १९४८मध्ये. पुढे १९७८मध्ये हे वय १८ झालं, तेव्हा ते सगळ्यांनाच लागू होतं. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा त्याच्या निम्मा, २१.९.

आणि नखावरून आठवलं. आपल्या भाषेत "गळ्याला नख लावणे" असा एक वाक्प्रचार आहे. हल्ली तो आपण अलंकारिक अर्थानं वापरतो, पण जन्मलेल्या नकोशा पोरीचं काय करत, ते त्यावरून आठवतंच. पुढे नखाचं काम सोनोग्राफीनं केलं. बीडमध्ये सहा वर्षांच्या आतल्या दर हजार मुलांमागे मुली २००१ला ८९४ होत्या, २०११ला ८०७ उरल्या. त्या जनगणनेत राज्यात सगळ्यात खाली आपणच होतो. म्हणजे आज अकरावीत असलेली आमची ही पोरगी त्याच पिढीच्या आसपासची. जगली, शिकली, आणि आता हट्ट करते आहे. मला तर तो हट्ट ऐकूनच बरं वाटलं.

असो. आता बाजू घेते. आईचं सगळंच चुकीचं नाही. ॲक्रिलिकच्या नखांची कल्पना १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या एका दंतवैद्याकडून आली. दातांसाठी वापरायच्या मसाल्यानं त्यानं स्वतःचं मोडलेलं नख सांधलं म्हणतात. ही रसायनं साधी नव्हेत. कातडीला लागून एकदा ॲलर्जी जडली की ती जन्मभर राहू शकते, आणि पुढे दातात सिमेंट भरतानाही त्रास होऊ शकतो. जेल नखांमधलं टीपीओ हे द्रव्य युरोपीय संघानं सप्टेंबर २०२५पासून बंद केलं. रुग्णांना हात लावणाऱ्यांनी खोटी नखं लावू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. म्हणून पोरीला नर्सिंगला जायचं असेल, तर तेही आत्ताच सांगून ठेवावं.

तेव्हा माझं मत असं : पार्लरमधलं ॲक्रिलिक आणि जेल अठरापर्यंत नाही. लग्नापुरती चिकटवायची तयार नखं खुशाल लावावीत आणि घरी आल्यावर कोमट पाण्यात बोटं बुडवून सावकाश काढावीत. नकार द्यायचाच असेल तर त्याचं कारण तब्येत असावं, "लोक काय म्हणतील" हे नसावं. नखांसाठी अठरा वर्षं थांब म्हणणाऱ्या घरानं स्थळांच्या बाबतीतही तेवढंच थांबावं. आणि थांबून झाल्यावर तिला विचारावं.

ज्या आत्या-काकूंच्या हातावर गोंदण आहे त्यांना एक विनंती. कोणत्या वयात काढलं, धरून कोणी ठेवलं होतं, आणि त्या नक्षीला तुमच्या गावी काय म्हणत, एवढं कळवा. मी उतरवून ठेवणार आहे.