पगार वाढला, माणसं घटली: खान्देशातल्या सरकारी नोकरीचा दोनशे वर्षांचा हिशेब

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

आठव्या वेतन आयोगाची घोषणा झाली आणि आपल्या देवपुरातल्या सगळ्या ग्रुपांवर दोन तट पडले. एक म्हणतो, "आमच्या करावर हे लोक मजा मारतात." दुसरा म्हणतो, "महागाई वाढली, मग पगार का नको?" दोघंही आजच्या पगारपत्रकाकडे बघून भांडताहेत. हे बिल एवढं झालं कसं, ते बघायला थोडं मागे जावं लागतं.

1818 साली खान्देश इंग्रजांकडे गेला. तेव्हा गावचा कारभार पगारावर चालत नव्हता. पाटील, कुलकर्णी, महार, जागल्या यांना वतनाची जमीन, साऱ्यातला हिस्सा किंवा धान्य मिळायचं. खर्च तेव्हाही रयतेच्याच घरातून जायचा, फक्त तो कागदावर "पगार" म्हणून दिसत नव्हता. आणि त्या व्यवस्थेत जातीने मिळालेलं काम सोडता येत नव्हतं, हेही विसरू नका. "जुना कारभार स्वस्त होता" असं म्हणणाऱ्यांनी तो कोणाच्या पाठीवर स्वस्त होता, ते आधी विचारावं.

खान्देशातली मोठी पगारी सरकारी भरती म्हणजे 1825 ची भिल्ल पलटण. औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला ती उभी केली. ज्यांच्याशी सरकार डोंगरात लढत होतं, त्यांनाच पगार आणि गणवेश देऊन सरकारने आपल्या बाजूला घेतलं. म्हणजे नोकरी देऊन शांतता विकत घेणं ही युक्ती आजची नाही, दोनशे वर्षांची आहे.

पगार द्यायचा तर महसूल पाहिजे. महसूल पाहिजे तर जमीन मोजली पाहिजे. 1852 मध्ये मोजणी सुरू झाली आणि सावदा, फैजपूर, एरंडोल भागात हजारो शेतकरी विरोधात उभे राहिले. मोजणी झाली की सारा वाढेल, ही त्यांची भीती होती. सरकारने फौज पाठवली, त्यात ही भिल्ल पलटणही होती, आणि पुढाऱ्यांना पकडलं. शेतकऱ्याच्या साऱ्यातून ज्यांचा पगार निघायचा, तेच शिपाई त्याला धरायला आले. करदाता विरुद्ध सरकारी माणूस हे भांडण आपल्या मातीत असं जुनं आहे.

आता स्वातंत्र्यानंतरचं बघू. 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतनं गेली आणि पगारी तलाठी आला. 1962 मध्ये महसुली पाटीलकी संपवण्याचा कायदा झाला. त्याच वर्षी 1 मे रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य केंद्राचे कर्मचारी, पशुवैद्यकीय दवाखान्यातले लोक असा मोठा वर्ग उभा राहिला. मी याला उधळपट्टी म्हणणार नाही. साक्री-शिरपूरच्या पाड्यापर्यंत शाळा आणि लस याच माणसांनी नेली. 1998 मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा दुसरं कलेक्टर ऑफिस, दुसरी जिल्हा परिषद, दुसरं एसपी ऑफिस असा सगळा खर्च वाढला. पण धडगावच्या माणसाचा धुळ्याचा हेलपाटा वाचला, त्याची किंमत कोण करणार?

मग गाडी कुठे वळली? माझ्या मते 1977-78 मध्ये.

14 डिसेंबर 1977 ला राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. र. ग. कर्णिक नेते होते. संप 54 दिवस चालला. मुख्य मागणी एकच: केंद्राच्या कर्मचाऱ्यांइतका महागाई भत्ता. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते, सरकार नमलं नाही. पण जुलै 1978 मध्ये शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि केंद्राच्या दराने भत्त्याची मागणी मान्य झाली.

मागणी चुकीची होती असं मी म्हणत नाही. धुळ्याच्या बाजारात राज्याच्या कारकुनाला डाळ स्वस्त मिळत नाही. पण त्या दिवसापासून पगारबिलाचं स्टेअरिंग दिल्लीकडे गेलं आणि पेट्रोल भरायचं मुंबईकडे राहिलं. पुढे चौथा आयोग आला, पाचवा आला, सहावा आला. सातव्या आयोगाचा पगार राज्यात 2019 च्या जानेवारीपासून मिळू लागला, तोही 2016 पासूनच्या फरकासह. वाढ किती द्यायची ते दुसरीकडे ठरतं, पैसे आपण भरतो.

मग राज्याच्या हातात उरलं काय? एकच गोष्ट: माणसं किती ठेवायची. आणि सगळ्या पक्षांच्या सरकारांनी नेमकी तिथेच कात्री लावली.

2000 मध्ये शिक्षणसेवक आले. तोच वर्ग, तोच फळा, पण पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. अंगणवाडी सेविका आणि आशाताई कायम मानधनावर. 6 सप्टेंबर 2023 ला तर नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी माणसं घेण्याचा जीआर निघाला. ओरड झाली तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. दरम्यान राज्यात दोन लाखांहून जास्त मंजूर पदं रिकामी. एकेका तलाठ्याकडे दोन-तीन सजे, हे तुम्ही सातबाऱ्यासाठी फिरताना पाहिलंच असेल.

आता 2025-26 चा राज्याचा अर्थसंकल्प घ्या. महसुली जमा सुमारे 5 लाख 61 हजार कोटी, आणि महसुली तूट 45 हजार कोटींहून जास्त. जमेतला निम्म्याहून अधिक पैसा पगार, पेन्शन आणि व्याज या तीन खात्यांत जातो. यात फक्त मंत्रालयातले साहेब नाहीत. जिल्हा परिषदेचे गुरुजी आहेत, अनुदानित खासगी शाळा-कॉलेजांतले शिक्षकही आहेत. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी सात दिवसांचा संप झाला, तेव्हा 17 लाख कर्मचाऱ्यांचा आकडा सांगितला जायचा, तो म्हणूनच.

म्हणजे करदात्याला दुहेरी फटका आहे. बिल पूर्ण भरायचं आणि खिडकीवर माणूस नाही.

आता "करदाता" म्हणजे कोण, तेही बोलू. ग्रुपवर हा शब्द वापरणारे बहुतेक इन्कम टॅक्स भरणारे असतात. पण इन्कम टॅक्स केंद्राचा. राज्याची तिजोरी भरते ती जीएसटी, पेट्रोल-डिझेलवरचा कर, मुद्रांक शुल्क, दारूवरचा कर यांतून. कपाशीला खताची गोणी घेणारा कापडण्याचा शेतकरी 5 टक्के जीएसटी भरतो. साबण घेणारी मजूर बाई भरते. ती भरते म्हणून तिला हिशेब विचारायचा हक्क आहे, आणि तिलाच सरकारी दवाखान्यात नर्स हवी आहे. खर्च कमी करा म्हणताना तिची नर्स कापली जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

आणि आपल्याकडे नोकरीसाठी एवढी धडपड का, हेही इतिहासातच आहे. धुळ्यात मिल होती, ती बंद पडली. साक्रीकडे पांझरा-कान साखर कारखाना होता, तोही बंद. कापसाचा भाव आपल्या हातात नाही. राहिलं काय? 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी 10 लाखांहून जास्त अर्ज आले. एका जागेमागे दोनशेच्या वर पोरं. देवपुरातल्या अभ्यासिका रात्रीपर्यंत भरलेल्या असतात. या पोरांचा राग पगारावर नाही, जागा निघत नाहीत यावर आहे. आत असलेल्यांचा पगार आणि बाहेर उभ्या असलेल्यांची जागा एकाच थैलीतून येते, हे आत असलेल्यांच्या संघटनांनीही मोकळेपणाने मान्य करावं. ऑगस्ट 2024 मध्ये सुधारित पेन्शन मंजूर झाली, तेव्हा तिचा बोजा किती आणि त्यापायी किती पदं भरणार नाही, हे कोणी एका कागदावर मांडून दाखवलं का?

मांडता येतं. महाराष्ट्रानेच एकदा करून दाखवलंय. 1975 मध्ये व्यवसाय कर लावला, तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराने महिन्याला थोडे पैसे द्यायचे आणि दुष्काळात गावच्या मजुराला काम मिळायचं. कर कोणता आणि तो कशासाठी, दोन्ही लोकांना माहीत होतं. 1972 चा दुष्काळ ताजा होता, म्हणून लोकांनी तो कर मानला. हा कर आजही पगारातून कापला जातो, वर्षाला जास्तीत जास्त 2,500 रुपये. कशासाठी सुरू झाला, हे मात्र कापून घेणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 4. प्रत्येक कार्यालयाने आपल्या कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन स्वतःहून जाहीर करायचं असतं, कोणी अर्ज करायची वाट बघायची नाही. धुळे महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी त्याच्या जोडीला एका पानावर चार आकडे लावावेत: मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती, आणि पगार-पेन्शनवर वर्षाचा खर्च किती. 2018 मध्ये वलवाडीसह 11 गावं महापालिकेत आली. तिथल्या घरपट्टी भरणाऱ्यांना तर हा कागद आधी मिळाला पाहिजे.

निवडणुकीत मत मागायला जो दारात येईल, त्याला हेच चार आकडे विचारा. कर्मचारी चोर की करदाता भोळा, हे भांडण तोवर बाजूला ठेवू. कमेंटमध्ये आपापल्या गावात तलाठी, ग्रामसेवक, नर्स यांची किती पदं रिकामी आहेत ते लिहा. माणसांची नावं नकोत, फक्त गाव आणि आकडा. आपली यादी आपणच करू.