वाटी पुन्हा पाण्यावर

पडद्यावरचे घड्याळ दर सेकंदाला सरकावे म्हणून प्रोग्रॅमर आज एक टायमर लावतो आणि निर्धास्त होतो. या कल्पनेचे कूळ शोधत मागे गेलो, तर आपण लग्नमंडपात पोहोचतो. मुहूर्त साधण्यासाठी तिथे घटिकापात्र असे. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडत. 24 मिनिटांत ती भरून बुडाली की एक घटिका झाली. अशा 60 घटिकांचे अहोरात्र. बुडालेली वाटी मात्र आपण होऊन वर येत नसे, ती कोणीतरी रिती करून पुन्हा सोडावी लागे. एवढा तपशील ध्यानात ठेवू.

संगणकात ही वाटी आकडा होऊन आली. 1964 साली जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/360 मध्ये स्मृतीतल्या 80 क्रमांकाच्या पत्त्यावर एक आकडा सतत उतरत असे आणि तो शून्याखाली गेला की चालू काम अडवले जाई. पुढे 1981 च्या आयबीएम पीसीत हे काम इंटेलच्या 8253 चिपकडे आले, आणि इथे इतिहासाने गंमत केली. या पीसीतला स्फटिक होता 14.31818 मेगाहर्ट्झचा, म्हणजे अमेरिकी रंगीत टीव्हीच्या रंगसंकेताच्या बरोबर चौपट. त्याला 12 ने आणि मग 65,536 ने भागले की उरतात सेकंदाला सुमारे 18.2 ठोके. 1953 साली टीव्हीसाठी ठरलेल्या मानकाने पीसीची नाडी अशी 55 मिलिसेकंदांवर बांधून टाकली!

1985 च्या विंडोजमध्ये टायमर संदेशांच्या रांगेत आला, तोही अगदी शेवटी. इतर कामे उरकल्याशिवाय त्याचा नंबर लागत नाही. म्हणून 'दर 100 मिलिसेकंदांनी' याचा खरा अर्थ 'निदान 100 मिलिसेकंदांनी'. 1991 च्या व्हिज्युअल बेसिकने फॉर्मवर स्टॉपवॉचचे चित्र दिले, प्रोग्रॅम चालू झाला की अदृश्य होणारे. ही वाटी आपली आपण वर येई. क्यूटी या खिडक्या-बटणे रचण्याच्या साधनसंचातला क्यूटायमरही, वेगळे सांगितले नाही तर, तसाच वागतो. बर्कलीत जॉन ऑस्टरहौट यांनी घडवलेल्या 'टीके' या तशाच साधनसंचाने मात्र जुनी रीत राखली. त्यातली 'आफ्टर' ही आज्ञा एकदाच वाजते. मला हीच रीत अधिक प्रामाणिक वाटते, कारण हातचे काम संपवून मगच पुढची वेळ लावता येते. पायथॉनच्या टीकेइंटरमध्ये आजही फंक्शनच्या शेवटी 'आफ्टर' पुन्हा लिहावे लागते. ती ओळ राहून गेली तर पडद्यावरचे घड्याळ एकदा सरकून तिथेच थांबते.