पायी कळप ते रोड ट्रेन

उत्तर ऑस्ट्रेलियातून गुरांचे कळप शेकडो मैल हाकत दक्षिणेकडे नेणारे घोडेस्वार गुराखी तिथल्या लोकस्मृतीत मानाने बसले आहेत. गुरं चरत चरत, आपल्या चालीने जात. पुढे १९६०च्या दशकात ट्रक आले आणि जनावरांचे हाल सुरू झाले, असा समज त्यातूनच होतो. पुरावा वेगळं सांगतो. लांबच्या प्रवासात गुरांची प्रकृती ठरते ती मुख्यतः पाण्यावाचून किती वेळ गेला आणि विश्रांती किती मिळाली यावरून. पाय की चाकं, हा प्रश्न त्यानंतरचा.

पाऊसपाणी चांगलं झालेल्या वर्षी पायी निघालेला कळप अंग धरून पोचत असे, हे मान्यच आहे. पण कळपाने दिवसाला साधारण १० मैल काटायचे असत, वाटेवर गवत असो वा नसो. उत्तरेत १८८६मध्ये खुल्या झालेल्या मुरांजी या कळपांच्या वाटेवर पाण्याचे टप्पे इतके दूर होते की तहानलेली गुरं तिथे मरून पडत. एवढी चाल कोवळ्या जनावरांना झेपत नसे, म्हणून चार-पाच वर्षांचे बैल निवडले जात. वाटेत उतरलेलं मांस पुन्हा चढवायला त्यांना दक्षिणेच्या कुरणांत महिनोन्‌महिने चारावं लागे. शिवाय कळपासोबत रोगही चालत. १८५८मध्ये इंग्लंडहून आलेल्या गाईबरोबर मेलबर्नजवळ उतरलेला सांसर्गिक फुफ्फुसदाह बैलगाड्या आणि कळपांच्या वाटांनी खंडभर पसरला; तो निपटायला १९७३ उजाडलं. १८७२मध्ये डार्विनला उतरलेल्या गुरांवरची गोचीड आणि तिचा ताप हे दोन्ही असेच कळपांबरोबर क्वीन्सलँडात पोचले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अॅलिस स्प्रिंग्जच्या कर्ट जोहान्सनने एकामागोमाग एक ट्रेलर जोडलेल्या रोड ट्रेनमधून गुरं वाहायला सुरुवात केली. पुढे केंद्राच्या पैशातून खास गुरांसाठी रस्ते झाले आणि आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला. कोवळी खोंडं, दुष्काळाने खंगलेली गुरंही हलवता येऊ लागली. यावरचा आक्षेप खरा आहे: ट्रकात जनावर तासन्‌तास तोल सावरत उभं असतं, बसलं तर तुडवलं जातं. आधी पोटातला चारा आणि पाणी जाऊन वजन घटतं, मग शरीरच झिजू लागतं. स्नायूंतली साखर संपलेल्या जनावराचं मांस काळसर निघतं आणि लवकर खराब होतं. अनोळखी कळप एकत्र कोंबले की श्वसनाचे आजार बळावतात. मात्र वेळेवर पाणी आणि विश्रांती दिली तर यातलं पुष्कळसं टाळता येतं. म्हणूनच मोठ्या गुरांना ४८ तासांपर्यंत पाण्यावाचून ठेवू देणारी ऑस्ट्रेलियाची मर्यादा मला फार सैल वाटते. युरोपीय संघात १४ तासांनी पाणी आणि विश्रांती, आणखी १४ तासांनी गुरं उतरवणं बंधनकारक आहे. अंतरं अफाट आहेत, मध्ये थांबणं परवडत नाही, हे उत्तर टिकत नाही. १९१०पर्यंत पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅनिंग या कळपांच्या वाटेवर, सुमारे १,८५० किलोमीटर वाळवंटात, सरकारनेच ठरावीक टप्प्यांवर पन्नासच्या आसपास विहिरी खोदवल्या होत्या. त्यांसाठी तिथल्या मूळनिवासी मार्टू लोकांना साखळ्यांनी बांधून पाणी दाखवायला लावलं गेलं, हा त्या कामावरचा न पुसणारा डाग आहे. पण गुरांना टप्प्याटप्प्याने पाणी लागतं आणि त्याचा खर्च सरकारने उचलायचा असतो, हे तेव्हाच मान्य झालं होतं; डांबरी रस्त्यालगत पाणी आणि सावलीचे कोंडवाडे उभारणं त्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.