मानवी हक्क व नागरी कर्तव्ये यांचे माध्यमिक शिक्षण (अलिबाग परिसर)

माणूस म्हणून प्रत्येकाला असलेले हक्क आणि नागरिक म्हणून येणारी जबाबदारी यांची जाण नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांत रुजवणारे शिक्षण. शिक्षणाने मानवी हक्कांविषयीचा आदर दृढ करावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातील कलम २६ सांगते. महाराष्ट्रात हा भाग इतिहास व राज्यशास्त्र या विषयात येतो. संविधानाच्या तिसऱ्या भागातील मूलभूत हक्क न्यायालयामार्फत बजावून घेता येतात, तर १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ५१क मधील मूलभूत कर्तव्यांना तसे थेट न्यायालयीन बळ नाही. हा भेद मुलांना पाठ असतो, पण त्याचा अर्थ उमगण्यासाठी जवळचे उदाहरण लागते.

रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यात अशी उदाहरणे ठसठशीत आहेत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला, तरी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना घेता यावे म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयीन निकालासाठी १९३७ साल उजाडले. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष उपभोग यांतील अंतर याहून स्पष्ट दाखवणारा धडा क्वचितच सापडेल.

अलिबागच्या विद्यार्थ्यांना त्याहून जवळचा आहे तो चरीचा शेतकरी संप. खोत म्हणजे सरकारी सारा भरण्याची हमी घेऊन गावाचा वसूल करणारा मध्यस्थ. त्याची जमीन कसणाऱ्या कुळाला पिकाचा मोठा वाटा खंड म्हणून द्यावा लागे, शिवाय वेठही करावी लागे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी जमीन न कसण्याचा निर्णय घेतला आणि उपासमार सोसूनही तो १९३९ पर्यंत पाळला. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोतीविरोधी विधेयक मांडले. खोती रद्द करणारा कायदा मात्र १९४९ मध्ये झाला. हक्कासाठी झगडताना गावाने दिलेला शब्द पाळणे हीच येथे नागरी जबाबदारी होती, म्हणून हक्क आणि कर्तव्य यांची वेगवेगळ्या प्रकरणांत फारकत करून शिकवण्यापेक्षा असा प्रसंग घेणे श्रेयस्कर. घरचा सातबारा वर्गात आणून त्यातील कुळाचे नाव व खंड यांचा रकाना वाचला, की हा इतिहास आजोबा-पणजोबांपर्यंत येऊन पोचतो.

या शिक्षणातील मोठी उणीव पाठ्यपुस्तकाबाहेरची आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा ६ ते १४ वयोगटापुरताच असल्याने बहुतेक मुले नववी-दहावीत पोचतात तेव्हा त्याचे संरक्षण संपलेले असते. जिल्ह्यातील अनेक कातकरी कुटुंबे उचल (आगाऊ मजुरी) घेऊन पावसाळ्यानंतर वीटभट्टीवर जातात, त्यांच्या मुलांची शाळा याच वयात सुटण्याचा धोका अधिक. आणि उचलीपोटी राबवून घेण्यासारख्या वेठबिगारीला मनाई करणारे संविधानाचे कलम २३ तर याच मुलांना आधी माहीत असायला हवे. त्यांच्यासाठी गावातच हंगामी निवासाची सोय दहावीपर्यंत मिळणे निकडीचे आहे.