कामशेतला आठवडाभर पॅराग्लायडिंग शिकायला जाताय? पहिला दिवस जमिनीवरच जातो

रीलमध्ये डोंगर दिसतो, रंगीत ग्लायडर दिसतो आणि हवेत ओरडणारा माणूस दिसतो. त्याआधी त्याच डोंगरावर वाऱ्याची वाट बघत काढलेले तीन तास कुणी अपलोड करत नाही. आठवडाभराच्या कोर्सला निघालेल्या नवख्या माणसाचा बराच वेळ मात्र तिथंच जातो.

कामशेत हे पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यातलं गाव. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, लोणावळ्यापासून साधारण १६ किलोमीटर. छत्रपती संभाजीनगरहून एसटीने पुण्याला वाकडेवाडीच्या स्थानकावर उतरायचं आणि शिवाजीनगरहून लोणावळा लोकल धरायची. लोकल कामशेतला थांबते. पुण्यापर्यंतचं अंतर सुमारे २३५ किलोमीटर आहे, म्हणजे जाण्यातच एक दिवस मोडतो असं धरून चला. उड्डाणाचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात सगळं बंद.

बुकिंगच्या आधी एक फरक समजून घ्या, कारण इथंच गोंधळ होतो. टँडम म्हणजे मागे पायलट, पुढे तुम्ही. काही मिनिटांत विषय संपतो. कोर्समध्ये ग्लायडर तुम्हीच उडवायचा असतो. त्याच्या पायऱ्या पी-१, पी-२ अशा असतात. तिसरा प्रकार गाईडसोबतच्या फ्लाइंग वीकचा. तो आधीच एकट्याने उडता येणाऱ्यांसाठी असतो. यासाठी लोक हिमाचलच्या बीर-बिलिंगलाही जातात. तिथं उड्डाणाची जागा सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे आणि २०१५ साली तिथं पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कपही झाला होता. कामशेतचे डोंगर त्यामानाने बुटके आहेत. शिकायला तेच बरं.

पोचल्यावर काय होतं?

आधी फॉर्म आणि जबाबदारीच्या कागदावर सही. तो कागद वाचा. तुमची विमा पॉलिसीही वाचा, कारण बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी खेळातला अपघात धरलेला नसतो. मग हेल्मेट, हार्नेस आणि ग्लायडर मिळतो. सगळं मिळून १५-२० किलोचं ओझं होतं आणि ते पाठीवर घेऊन चढायचं तुम्हालाच असतं.

त्यानंतर सपाट मैदानावर ग्राउंड हँडलिंग. वाऱ्याकडे तोंड करून ग्लायडर डोक्यावर उभा करायचा आणि तो कलंडू द्यायचा नाही, एवढंच. दिसायला पतंग उडवण्यासारखं आहे, पण हा पतंग तुम्हालाच ओढत नेतो. खांदे भरून येतात आणि अनेकांचा मूड जातो. तरीही माझ्या मते कोर्सचा सगळ्यात मोलाचा भाग हाच, कारण टेकऑफच्या वेळच्या बऱ्याच चुका इथंच सुधारतात.

मग टेकडीचा उतार आणि पहिली छोटी उडी. ती कधी, हे वारा ठरवतो. समोरून येणारा वारा डोंगराच्या अंगाला धडकून वर चढतो आणि त्या वर चढणाऱ्या हवेवर ग्लायडर तरंगतो. तोच वारा डोंगर ओलांडून मागच्या बाजूला भोवऱ्यासारखा फिरतो; तिकडे जाणं जीवघेणं. म्हणून वारा ज्या दिशेचा, त्या दिशेला तोंड असलेला डोंगर निवडावा लागतो. दुपारी जमीन तापली की गरम हवेचे झोत उठतात. अनुभवी पायलट त्यांचीच वाट बघतात आणि नवख्यांना त्याच वेळी खाली बसवलं जातं.

वेगाचं गणितही सोपं आहे. साधा ग्लायडर ताशी ३५ ते ४० किलोमीटरने पुढे जातो. समोरचा वाराही तेवढाच असेल, तर तुम्ही एका जागी लटकता. वारा त्याहून वाढला की मागे ढकलले जाता. त्यामुळे प्रशिक्षक ‘आज नाही’ म्हणाला तर पैसे वाया गेले म्हणून भांडू नका. उलट, कधीच नाही न म्हणणाऱ्या माणसाची काळजी वाटायला हवी.

ही भीती हवेतली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कुल्लूतल्या डोभी इथं सातारा जिल्ह्यातल्या एका पर्यटकाचा टँडम उड्डाणात खाली पडून मृत्यू झाला. हार्नेसचे पायांचे पट्टे, छातीचा पट्टा आणि हेल्मेटचं बक्कल प्रत्येक उड्डाणाआधी स्वतः हाताने ओढून बघायचं. आधी कुणी तपासलं असलं तरीही.

फोनवर विचारायचे प्रश्न मोजकेच: प्रशिक्षकाचं रेटिंग काय? एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी? रेडिओ आणि राखीव पॅराशूट मिळतं का? आणि वाऱ्यामुळे बुडालेले दिवस पुढच्या हंगामात भरून देता का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.